ओलं ढेकूळ, कोरडं ढेकूळ

मी नगरच्या एका शाळेत गणित शिकवतो. जिल्ह्याचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं, म्हणून तसंच लिहितो. दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा आहे. दरवर्षी तो आला की मी वर्गात रुपयाचं नाणं उडवतो आणि सांगतो, की मागच्या वेळी काय पडलं होतं हे नाण्याच्या लक्षात नसतं. बावीस वर्षं मी हे सांगतोय. नाण्याच्या लक्षात नसेल, पण मुलांच्या असतं. मी खिशात हात घातला की मागचा बाक माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतो.

घरीही फारसं वेगळं नाही. हॉटेलात मी मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, भाव पडताळतो, शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघतो, आणि मग मसाला डोसा मागवतो. आमच्या हिनं तो वेटरला केव्हाच सांगितलेला असतो. मला अजून वाटतं की मी तो निवडला.

मागच्या दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मिरजगावपासून थोडं आत आमचं गाव आहे, तिथं तो आणि वहिनी शेती बघतात. जमीन दोघांच्या नावावर सामाईक होती. त्याला शेततळ्यासाठी अर्ज करायचा होता आणि त्यासाठी उतारा एकट्याच्या नावाचा पाहिजे, असं त्याला तालुक्याला सांगितलं होतं.

"वाटे पाडलेत," तो म्हणाला. "दिवाळीला येशील तवा उचल."

आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. चिठ्ठ्या नाहीत, मोजणीवाल्याशी वाद नाही. थोरल्याच्या मनात लबाडी असली तर ती आपसूक त्याच्याच वाट्याला येते, म्हणून तो तराजूनं तोलावं तसे वाटे पाडतो. वाटा उचलायचा म्हणजे खरोखरच उचलायचा. दोन्ही तुकड्यांतलं एकेक ढेकूळ आणून टॉवेलवर ठेवतात. जे उचललं तो तुकडा आपला.

"वाटे कसे पाडलेस?" मी विचारलं.

"एकीकडं बाग आन् हीर. दुसरीकडं रस्त्याचं रान. बाग काय मधून कापता येत न्हाई."

बाग म्हणजे दादाची लिंबाची बाग. ती आणि माझी मुलगी एकाच वर्षीची. खरीपाला रोपं लावली आणि पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. तेव्हा मी मे महिन्याच्या सुट्टीत गावी होतो, आणि आम्ही दोघांनी टँकरचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यांतून रोपारोपाला घातलं. मी महिनाभर घातलं. त्यानंतरची एकोणीस वर्षं त्यानं. पण डबे वाहिल्याची गोष्ट मात्र दर दिवाळीला मीच सांगतो, आणि दरवर्षी त्या गोष्टीत माझे डबे थोडे वाढतात.

रस्त्याचं रान किमतीला बागेच्या तोडीचं होतं, कारण हमरस्ता त्याला लागून गेला होता. शाळेतल्या सगळ्यांनी मला एकमतानं रस्ता सांगितला. दुकानगाळे काढा सर, म्हणाले. मी मान डोलावत होतो. पण निवृत्तीनंतर विहिरीच्या काठाला खुर्ची टाकून बसलेला जो माणूस मी बरीच वर्षं मनात बघत आलो होतो, त्याच्यामागे गाळे नव्हते, लिंबाची झाडं होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो. म्हणजे थोडक्यात, मला हवं ते उचलायचं तर दादाची एकोणीस वर्षं उचलायची होती.

अशा वेळी मुलगी सुट्टीला घरी आली. ती पुण्याला कॉम्प्युटर शिकते, पण त्यांना आता एक विषय तत्त्वज्ञानाचाही घ्यावा लागतो. माझा चेहरा बघून तिनं आधी मला एका गाढवाची गोष्ट सांगितली. गाढवाच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर गवताचे सारखेच दोन भारे आहेत. हा घ्यावा की तो, याला काहीच कारण नाही. म्हणून ते मध्ये उभं राहतं आणि उपाशी मरतं.

"त्याला मी ओळखते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

दुसरं कोडं जास्त अवघड होतं. समोर दोन डबे आहेत. एक उघडा, त्यात एक अनारसा. दुसरा झाकलेला, त्यात एक तर डबाभर अनारसे आहेत, नाहीतर काहीच नाही. तुम्ही एक तर दोन्ही डबे घ्यायचे, किंवा फक्त झाकलेला. पण डबे भरणारा माणूस तुम्हाला पुरता ओळखून आहे. तुम्ही हावरेपणानं दोन्ही घेणार असं त्याला वाटलं असेल, तर झाकलेला डबा त्यानं रिकामा ठेवलाय. फक्त झाकलेला घेणार असं वाटलं असेल, तर तो भरलाय. तो भरून, झाकण लावून निघूनही गेलाय. आता काय घ्याल?

"दोन्ही," मी म्हणालो. "सोपं आहे. डब्यात जे आहे ते आहे. आता माझ्या हात लावण्यानं आतलं काही बदलणार आहे का? मग एक अनारसा कशाला सोडू?"

"असं म्हणणाऱ्यांनाच रिकामा डबा मिळतो, पप्पा."

"पण हा त्यांच्या म्हणण्याचा दोष नाही. त्या भरणाऱ्याचा आहे."

"असेल. पण अनारसे कुणी खाल्ले?"

मग तिनं प्रयोगच मांडला. भरणारी म्हणून आईला बसवलं. हिनं आतून दोन डबे आणून ओट्यावर ठेवले. मी तर्काला धरून दोन्ही उचलले. झाकलेला रिकामा. दुसऱ्या वेळी मी ठरवलं की आता तिला चकवायचं, फक्त झाकलेला घ्यायचा. हात नेला आणि वाटलं, हे तर तिनं ओळखलंच असणार. म्हणून पुन्हा दोन्ही घेतले. रिकामा. तिसऱ्या वेळी मी खिशातून नाणं काढलं.

"हां, हे बरं आठवलं," मुलगी म्हणाली. "कोड्यात याचाही नियम आहे. नाणं उडवून ठरवणार असाल तर…"

"रिकामा," ही हात पुसत म्हणाली. तिनं ते कोडं वाचलेलं नाही. "ज्याला स्वतःचं मन माहीत नाही त्याला अनारसा कशाला? आणि हे तिसऱ्या वेळी नाणं काढणार हे मला माहीत होतं."

झाकण उघडून दाखवलं. डबा रिकामा होता. उरलेला फराळ मला रीतसर ताटात मिळाला, पण त्यात पूर्वीची चव नव्हती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावी निघालो. मी मोटारसायकलवर, मायलेकी एसटीनं, कारण सामान फार होतं. गावाच्या अलीकडेच आमचं रस्त्याचं रान लागतं. बाजरी निघालेली होती. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळींच्या फटीतून मला शेतात नवे घेतलेले चार-पाच खड्डे दिसले. ओळीत, एका रेषेत. कुंपणाचे खांब रोवायची तयारी, मी मनाशी म्हणालो. दादानं माझ्यासाठी रस्ता धरलाय, आणि नोकरदार माणसाला रान मोकळं नको म्हणून वर कुंपणही करून देतोय. मला भरून आलं. खड्डे एकमेकांपासून अठरा फुटांवर होते आणि कुंपणाचे खांब एवढ्या अंतरावर कुणी रोवत नाही. गणिताच्या मास्तराला हे तिथल्या तिथं कळायला हरकत नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर चहा झाला. भावकीतले एक म्हातारे चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, दुसऱ्या दिवशी साक्षीला यायचे होते, ते आजच येऊन बसले. मुलीनं वहिनीला डब्यांचं कोडं सांगितलं. वहिनीला ते फारच आवडलं.

"मंग भाऊजींचं आपुन बी लिहून ठिवू," ती म्हणाली. "काय उचलतील ते."

"लिही की," दादा म्हणाला आणि तिच्या कानाशी लागला. वहिनीनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. मुलीच्या वहीतला कागद फाडून तिनं एकच शब्द लिहिला, घडी घातली आणि आत जाऊन मिठाच्या बरणीत ठेवली.

"मास्तर, आता पळवाट न्हाई," तात्या म्हणाले. "मिठात पडलंय."

"पण तात्या," मी म्हणालो, "उद्या मी काय करणार हे जर आजच बरणीत असेल, तर उद्या मी काय करायचं उरलं?"

"उचलायचं उरलं की. बरनी काय वाकनार हाय व्हय ढेकूळ उचलाया?"

मुलगी म्हणाली की तिच्या सरांनी याच मुद्द्यावर दोन तास घेतले होते.

सकाळी उजाडल्यावर मी एकटाच बागेत गेलो. फुलं आली होती. लिंबाच्या फुलांचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मी विहिरीच्या काठावर, माझ्या त्या काल्पनिक खुर्चीच्या जागी उभा राहिलो आणि खिशातून नाणं काढलं. मनाशी म्हटलं, बायको ओळखते, दादा ओळखतो, वहिनीनं तर लिहूनच ठेवलंय. मग कुणालाच ओळखता येणार नाही असं एक तरी काम करून बघू. छापा पडला तर बाग, काटा पडला तर रस्ता. छापा पडला.

मला आनंद झाला आणि लगेच दादाचं तोंड आठवलं. तीनपैकी दोन, असं मी ठरवलं. हे मी वर्गात कुणालाही करू देत नाही. दुसऱ्यांदा उडवलं ते बोटांना लागून उडालं आणि जवळच्या झाडाच्या आळ्यात पडलं.

मी गुडघ्यावर बसून माती चाचपू लागलो. हाताला ओल लागली, आणि मातीखाली शेणखत. चांगलं कुजलेलं, जाडसर थर. नाणं काही सापडेना. मी शेजारच्या झाडाचं आळं बघितलं. तिथंही खत. त्याच्या पुढच्यालाही. मी उभी ओळ संपेपर्यंत गेलो, मग दुसरी. एकही आळं सुटलं नव्हतं.

लिंबाला आधी ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, आणि मग एकदम खत-पाणी देऊन ताण मोडतात, की झाड फुलावर येतं. हे दादानं नुकतंच, महिनाभरात केलं होतं. त्याचा डावा गुडघा दोन वर्षांपासून वाकत नाही. प्रत्येक आळ्यापाशी पाटी घेऊन तो कसा बसला असेल, हे मला दिसायला लागलं.

आणि तिथं, हाताला शेण लागलेलं असताना, मला ते कोडं एकदम कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. बाग हाच झाकलेला डबा, फक्त तो काचेचा आहे आणि भरलेला दिसतोय. दादानं खत घातलं, म्हणजे बाग आपल्याकडेच राहणार असं त्यानं धरलं. म्हणजे धाकटा ती उचलणार नाही असं त्यानं ओळखलं. मी उचलणारा माणूस असतो, तर हे खत इथं पडलंच नसतं. आता ते पडलेलं बघून, डबा तर भरलाच आहे, आता काय बदलणार, असं म्हणून मी बाग उचलायची? ओट्यावर ज्या हुशारीनं दोन्ही डबे उचलले होते तिची मला पहिल्यांदा लाज वाटली.

ज्याच्या भरवशावर एक माणूस न वाकणारा गुडघा घेऊन दीडशे आळी भरतो, तो माणूस मी आहे. एवढं मोठं काही कुणी माझ्याबद्दल धरलं असेल, असं मला याआधी वाटलं नव्हतं. खुर्चीवरच्या माणसाला मी तिथंच निरोप दिला. नाणं शोधणं सोडून दिलं. ते अजून बागेतच कुठंतरी आहे आणि ते छाप्यावर आहे की काट्यावर, ते मला माहीत नाही.

नऊच्या सुमाराला बांधावर जमलो. दादानं खांद्यावरचा टॉवेल अंथरला. त्यावर दोन ढेकळं ठेवली. एक काळं आणि ओलं, त्याला लिंबाचं एक पानही चिकटलेलं. दुसरं कोरडं, मुरमाड, बाजरीचं धसकट अडकलेलं. तात्यांनी टोपी नीट केली.

"दोन्ही वाटे तुझ्या थोरल्यानं पाडल्यात. त्याच्या मनात किल्मिष न्हाई. तुझ्या मनात आसलं तर आत्ता बोल."

"नाही," मी म्हणालो.

"मग उचल."

मी वाकलो. दादा माझ्याकडे बघत नव्हता, ओल्या ढेकळाकडे बघत होता. मी कोरडं उचललं.

मी थोडी वाट बघितली. अशा प्रसंगी थोरल्या भावाचे डोळे भरून येतात, तो पुढं होऊन खांद्यावर हात ठेवतो, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. दादानं कपाळाला आठ्या घातल्या.

"त्ये रस्त्याचं हाय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"नीट बघून उचल."

"बघूनच उचललं."

"आरं, वल्लं ते बागंचं!"

"दादा, मला ओलं-कोरडं कळतं."

"उचललं म्हंजी उचललं," तात्यांनी निकाल दिला. वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि ती घराकडं चालायला लागली. मी ते माझ्या त्यागाचं कौतुक समजलो. ढेकूळ माझ्या मुठीत फुटून अर्धं खाली सांडलं होतं.

घरी आल्यावर मुलीनं मिठाची बरणी मागितली. मी ओट्यावर पाय लांब करून बसलो होतो. चिठ्ठीत काय आहे हे मला ठाऊकच होतं, आणि ते मोठ्यानं वाचलं जावं अशी माझी इच्छा होती. मुलीनं घडी उघडली, मीठ झटकलं, आणि वाचायच्या ऐवजी कागद माझ्या हातात दिला.

त्यावर लिहिलं होतं, बाग.

मी दोनदा वाचलं. एकच शब्द होता, तरी दोनदा वाचला.

"दादा, हे तू सांगितलंस?"

"व्हय."

"म्हणजे मी तुझी बाग उचलणार असं तुला वाटलं? मला तू असा समजतोस?"

"आसा म्हंजी कसा?" दादा खरोखरच गोंधळला होता. "बाग उचलनं काय चोरी हाय का? आधी उचलायचा मान तुझा हुता."

"पण असं का वाटलं तुला?"

"का म्हंजी? दर दिवाळीला येतो आन् डब्यानं पानी घातल्याचं सांगतो. रस्त्याच्या रानाचं कवा नाव तरी घेतलंस का? गाडीवरनं येतानाबी तुझी मान बागंकडं. मला वाटलं, पोराचा जीव हाय तिच्यात, तर घिऊ दी."

मी पन्नाशीचा आहे. पोर म्हणून माझा उल्लेख होऊन बरेच दिवस झाले होते.

माझ्या मनातलं त्यानं बरोबर ओळखलं होतं. मी कुणाला न सांगितलेलं, खुर्चीसकट. फक्त मी करीन काय, ते चुकलं. आणि सकाळी विहिरीपाशी मी जो एवढा मोठा हिशेब मांडला होता, त्याची पहिली ओळच खोटी होती. त्यानं माझ्यावर भरवसा टाकलेलाच नव्हता.

"मग खत कशाला घातलंस?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बायको दारात येऊन उभी राहिली. "बाग जाणार हे माहीत होतं, तर दीडशे झाडांना खत कशाला?"

"ताण मोडल्यावर खत नको?"

"पण ती तुझी राहणार नव्हती ना!"

"तुला यंदा काय जमनार हुतं?" दादा म्हणाला. "नवा मानूस. पयल्याच सालाला बहार हुकला आस्ता तर तू बाग इकून मोकळा झाला आस्ता. म्हटलं एक बहार तरी नीट हातात पडू दी."

वहिनी आतून म्हणाली, "ह्यांचा गुडघा दिवाळीभर शेकला मी. आन् इकडं बहार दुसऱ्याच्या नावानं."

"दुसऱ्याच्या न्हवं," दादा म्हणाला. "त्याच्या."

तेव्हा मला ते खड्डे आठवले.

"आणि रस्त्याच्या रानातले खड्डे? कुंपणाचे ना ते?"

वहिनी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "कुंपन? भाऊजी, अठरा अठरा फुटावर कुनी खांब रोवतं व्हय? आत जाऊन बघा की. सहा वळी हायत."

"कशाच्या?"

दादा चंची उघडून सुपारी शोधायला लागला. उत्तर वहिनीनंच दिलं. "लिंबाच्या. बाग तुमाला गेल्यावर आमी काय करायचं? रोपं सांगून ठिवलीत नर्सरीला. पाऊस पडला की न्यायची."

लिंबाचं झाड लावल्यावर धरायला पाच वर्षं जातात. साठीला टेकलेला माणूस, माझ्यासाठी एका बागेला खत घालून, स्वतःसाठी मुरमाड रानात दुसरीचे खड्डे घेत होता. आणि या सगळ्याबद्दल फोनवर त्यानं मला एवढंच सांगितलं होतं, की वाटे पाडलेत.

मग मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, एका अर्थानं तुम्ही ओळखणाऱ्याला हरवलंत. आमच्या सरांच्या मते हे होत नाही."

मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मी स्वतःच्या मनानं निवडलं, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या कारणासाठी निवडलं ते कारण तिथं नव्हतंच. दादानं मला चुकीचा ओळखला आणि मी दादाला चुकीचा ओळखला. एवढ्या चुका होऊनही बाग जिथं असायला हवी होती तिथंच राहिली. हे कुणाच्या तर्कामुळे झालं, हे मला अजून मांडता आलेलं नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "डबा कुणासाठी भरायचा हेच बघायचं नसतं काही लोकांना. रिकामा ठेवताच येत नाही त्यांना." आणि मग, मी फार भारावून जाऊ नये म्हणून, "मला येतो."

चहा दुसऱ्यांदा झाला तेव्हा मी विचारलं, "रोपांचं आता काय करायचं?"

"त्येच बघतोय," दादा म्हणाला. "नर्सरीवाला इसार परत द्यायचा न्हाई. खड्डे तुझ्या रानात. रोपं माझी."

"लाव की मग. रान पडून राहण्यापेक्षा."

"तू गाळे काढनार हुतास न्हवं? गावात बोलतेत."

"कोण बोलतंय?"

"समदेच."

म्हणजे माझ्याबद्दल गावालाही अंदाज होता. मी लावायला सांगितलं. पावसाळ्यात आम्ही दोघांनी रोपं लावली. म्हणजे त्यानं लावली आणि मी त्याला उठताना-बसताना हात दिला. आता दर रविवारी मी मोटारसायकलवर सकाळी निघतो आणि रोपांची आळी बघून संध्याकाळी परततो. कधी कधी शनिवारी मी मुद्दाम जाहीर करतो की उद्या जाणार नाही, वह्या तपासायच्यात. बायको हो म्हणते आणि टोपी नि पाण्याची बाटली दाराशी आणून ठेवते. मी तिथून जाताना ती बघतो, चिडतो, आणि बाटली भरून निघतो.

परवाच्या रविवारी आम्ही बांधावर बसलो होतो. माझ्या रानातली रोपं गुडघ्याएवढी झालीत. दादाच्या बागेचा बहार उन्हाळ्यात चांगला निघाला आणि आता नव्या बहाराचा ताण चालू होता, पानं खाली झुकली होती. शेततळ्याचा अर्ज अजून तालुक्यालाच आहे. मी सहज म्हणालो, "दादा, समज वाटणी पुन्हा करायची ठरली. या वेळी मी वाटे पाडतो, तू आधी उचल. काय उचलशील?"

त्यानं माझ्या रोपांकडे बघितलं, मग बागेकडे. बराच वेळ लावला. मला वाटलं, खरंच विचार करतोय.

"त्ये उचलताना बघू," तो म्हणाला. "आत्ता सांगितलं तर तू तिकडंच खत टाकशील."